मोठे आइस हॉकी अरीना उघडणे आणि भरणे : कामांचा क्रम आणि नेहमीच्या चुका

नवे अरीना वेळेत बांधून होत नाही, ही तक्रार सर्वांच्या परिचयाची आहे. बांधून झालेले अरीना चुकीच्या क्रमाने उघडले जाते, ही त्याहून महाग पडणारी गोष्ट मात्र बहुधा पहिला हंगाम संपता संपता लक्षात येते. नेहमीचा चुकीचा क्रम असा असतो : आधी उद्घाटनाची तारीख जाहीर करायची, मग तिकिटे काढायची, मग धावपळ करून बर्फ गोठवायचा, आणि चाचणी राहिलीच तर ती प्रेक्षकांसमोर पहिल्या सामन्याच्या रात्री घ्यायची. हा लेख अरीनाच्या व्यवस्थापनात, शीतकरणात, तिकीटविक्रीत किंवा कार्यक्रमांच्या आखणीत काम करणाऱ्यांसाठी आणि त्या कामात उतरू पाहणाऱ्यांसाठी आहे. उत्तर अमेरिकेत या क्षेत्रात शिरणाऱ्या मराठी अभियंत्यांनाही तो उपयोगी पडावा. येथे 'मोठे' म्हणजे नॅशनल हॉकी लीगच्या, म्हणजेच एनएचएलच्या मापाचे, साधारण १७ ते २१ हजार आसनांचे अरीना गृहीत धरले आहे. उदाहरणेही बहुतेक तेथलीच आहेत.

टप्पा १ : इमारतीआधी प्रेक्षक मोजा

खुर्च्या भरण्याचे काम उद्घाटनाच्या जाहिरातीपासून सुरू होत नाही. ते किमान दोन वर्षे आधी, परत मिळणाऱ्या अनामत रकमेपासून सुरू होते. लास व्हेगासमध्ये १० फेब्रुवारी २०१५ रोजी सीझन तिकिटांसाठी अनामत घेण्यास सुरुवात झाली, तेव्हा शहराला संघ मिळालेलाही नव्हता. १० हजार लोकांकडून अनामत घेऊन 'येथे गिऱ्हाईक आहे' हे लीगला दाखवणे, एवढाच त्यामागचा हेतू होता. संघ मिळाला तो २२ जून २०१६ रोजी. सिॲटलमध्ये १ मार्च २०१८ रोजी अनामत स्वीकारणे सुरू झाले आणि पहिल्या १२ मिनिटांत १० हजारांचा आकडा गाठला गेला. पुढे सुमारे ३२ हजार अनामतदार झाले, म्हणजे ज्या अरीनात हॉकीसाठी १७,१५१ आसने आहेत त्याच्या जवळजवळ दुप्पट.

या आकड्यांचे कौतुक करण्याऐवजी त्यांतून काय शिकायचे ते पाहू. अनामत म्हणजे विक्री नव्हे, ती मागणीची मोजणी आहे, आणि मोजणी प्रामाणिक राहावी म्हणून काही गोष्टी पहिल्या दिवसापासून पाळाव्या लागतात. एका व्यक्तीला किती आसनांसाठी अनामत भरता येईल याची मर्यादा आधीच ठरवावी, कारण मर्यादा नसेल तर तिकिटांचा पुनर्विक्रीचा धंदा करणारे रांगेच्या तोंडाशी येऊन बसतात आणि खऱ्या प्रेक्षकाच्या वाट्याला छताजवळची खुर्ची येते. आसन निवडण्याचा क्रम अनामत भरल्याच्या वेळेनुसारच असावा. तो नंतर कोणाच्या शब्दाखातर बदलला, तर ही बातमी शहरभर होते आणि यादीवरचा विश्वास उडतो. कंपन्यांनी घेतलेली आणि कुटुंबांनी घेतलेली आसने वेगवेगळी मोजावीत. कंपनीची खुर्ची विकली जाते, पण पावसाळी मंगळवारच्या रात्री ती रिकामी राहण्याचा संभव घरच्या खुर्चीपेक्षा कितीतरी अधिक असतो.

दुसरी गोष्ट सामन्यांच्या संख्येची. एनएचएलच्या संघाला घरच्या मैदानावर ४१ सामने मिळत आले आहेत, २०२६-२७ पासून ते ४२ होतात. नोकरी आणि मुलांची शाळा सांभाळून ४१ संध्याकाळी अरीनात घालवणारे कुटुंब विरळाच. म्हणून पूर्ण हंगामाबरोबर अर्ध्या आणि पाव हंगामाचे संच पहिल्याच यादीत असावेत. ते 'उरलेल्या आसनांसाठी' म्हणून मागाहून काढले, तर पूर्ण पैसे भरलेल्यांना फसवल्यासारखे वाटते.

इशारा : सगळी आसने सीझन तिकिटांत घालवू नका. माझ्या मते किमान दहावा हिस्सा एकेका सामन्याच्या विक्रीसाठी राखून ठेवावा. मराठी रंगभूमीवरच्या निर्मात्यांना हे चांगले कळते. प्लॅन उघडल्या उघडल्या पुढच्या रांगा एकाच संस्थेला देऊन टाकल्या, की खिडकीवर येणारा प्रेक्षक दोनदा परत जातो आणि तिसऱ्यांदा येत नाही.

टप्पा २ : प्रत्येक विभागात स्वतः बसून पाहा

आराखड्यावरची खुर्ची आणि प्रत्यक्ष खुर्ची यांत फरक असतो, आणि हॉकीत तो फार जाणवतो. मैदान लांबट, पक (चेंडूऐवजी वापरायची रबरी चकती) लहान, कडेला फळ्या, फळ्यांवर काच आणि दोन्ही टोकांना जाळी, अशी ही रचना आहे. जाळीबाबत तडजोड नाही. मार्च २००२ मध्ये कोलंबस येथे उडालेला पक लागून एका १३ वर्षांच्या प्रेक्षक मुलीचा मृत्यू झाला, आणि त्यानंतरच्या हंगामापासून एनएचएलने सर्व अरीनांत गोलमागे जाळ्या सक्तीच्या केल्या.

बास्केटबॉलसाठी आखलेल्या इमारतीत हॉकी बसवण्याचा मोह हे खुर्च्या न भरण्याचे एक ठळक कारण आहे. ब्रुकलिनमधील बार्कलेज सेंटर २०१२ मध्ये बास्केटबॉल डोळ्यांपुढे ठेवून उघडले आणि २०१५ पासून तेथे न्यूयॉर्क आयलंडर्स हॉकी खेळू लागले. बास्केटबॉलच्या मैदानापेक्षा हॉकीची रिंक, म्हणजे बर्फाचे मैदान, कितीतरी लांब असल्यामुळे ती एका टोकाला सरकवून बसवावी लागली. त्यामुळे मधोमध लटकणारा गुणफलक रिंकच्या मध्यावर न राहता रिंकवर आखलेल्या एका निळ्या रेषेवर आला, आणि एका टोकाच्या अनेक खुर्च्यांवरून जवळचा गोल दिसेना. हॉकीसाठी १५,७९५ आसने जाहीर झाली, पण त्यांतल्या कितींना 'हॉकीची आसने' म्हणावे हा प्रश्न शेवटपर्यंत सुटला नाही. याउलट २०२४ मध्ये सॉल्ट लेक सिटीत आलेल्या संघाने अशाच अडचणीत सरळ वाट धरली. बास्केटबॉलसाठी बांधलेल्या डेल्टा सेंटरमध्ये दोन्ही गोल नीट दिसणारी आसने जेमतेम ११ हजारांहून थोडी अधिक होती. उरलेल्यांपैकी बरीच आसने 'एकच गोल दिसेल' असे उघड सांगून कमी दराने विकली गेली. दोष लपवून पूर्ण दर लावण्यापेक्षा दोष सांगून दर उतरवणे केव्हाही चांगले, कारण अंधारात ठेवलेला प्रेक्षक परतावाही मागतो आणि वर चार जणांना सांगतो.

खुर्चीचा रंगसुद्धा विक्रीचा भाग आहे, हे डेट्रॉइटने महागात शिकवले. लिटल सीझर्स अरीना सप्टेंबर २०१७ मध्ये लालभडक खुर्च्यांसह उघडले. खालच्या विभागातले महागड्या तिकिटांचे प्रेक्षक आतल्या दालनांत खाण्यापिण्यात रमत आणि दूरदर्शनवर दिसत त्या लाल खुर्च्यांच्या मोकळ्या रांगा. पहिल्याच हंगामात त्या काळ्या करण्याचा निर्णय घ्यावा लागला. काळ्या खुर्चीने प्रेक्षक वाढत नाही हे खरे, पण रिकामी लाल खुर्ची घरी बसलेल्या माणसाला 'तिकीट मिळेलच, घाई कशाला' असे दर आठवड्याला सांगत राहते.

तपासून पाहा :
- फळ्या, काच आणि जाळी बसवल्यानंतरच दृष्टीची पाहणी करावी. त्याआधीची पाहणी धरू नये.
- प्रत्येक विभागातील पहिली, मधली आणि शेवटची रांग, तसेच दोन्ही कडेच्या खुर्च्या बसून पाहाव्यात. जवळचा गोल, गुणफलक आणि पुढच्याचे डोके या तिन्हींची नोंद करावी.
- मुख्य कॅमेरा ज्या बाजूकडे तोंड करून आहे ती बाजू कोणती, हे तिकीटविभागाला ठाऊक असावे. सवलतीचे संच, शाळा आणि गट यांना आधी त्या बाजूला जागा द्यावी.

टप्पा ३ : तारीख मागून पुढे मोजा

तारीख ठरवताना 'बांधकाम कधी संपेल' हा प्रश्न अपुरा आहे. विचारायचे ते असे : भोगवटा प्रमाणपत्र कधी मिळेल, बर्फाखालचा काँक्रीटचा स्लॅब गोठवण्याजोगा कधी होईल, आणि रेल्वे किंवा बस प्रत्यक्ष कधी धावेल? या तिन्हींतली सर्वांत उशिराची तारीख घ्यावी, तिच्यापुढे तालमींसाठी किमान सहा आठवडे जोडावेत, आणि मगच लीगशी बोलावे.

लीगकडे मागण्याजोगी सर्वांत मोलाची सवलत पैशाची नसून वेळापत्रकाची असते. २०२१ च्या हंगामात सिॲटल क्रॅकनने पहिले पाच सामने बाहेर खेळले आणि घरचा पहिला सामना २३ ऑक्टोबरला ठेवला. आयलंडर्सने त्याच हंगामात तब्बल १३ सामने बाहेर खेळून २० नोव्हेंबरला आपले नवे यूबीएस अरीना उघडले. तेरा सामने घराबाहेर राहणे संघाला जड जाते, ते प्रशिक्षकाला आवडत नाही आणि गुणतक्त्यातही दिसते. तरीही अर्धवट इमारतीत १७ हजार लोक घेण्यापेक्षा तो मार्ग बरा. दुसरा, अधिक ऐसपैस मार्ग लास व्हेगासचा आहे. टी-मोबाइल अरीना एप्रिल २०१६ मध्ये गाण्याच्या कार्यक्रमांनी उघडले आणि हॉकीचा पहिला नियमित सामना तेथे १० ऑक्टोबर २०१७ रोजी झाला. तोवर दारे, रांगा, स्वयंपाकघरे आणि कर्मचारी दीड वर्ष रुळलेले होते.

इशारा : तात्पुरते भोगवटा प्रमाणपत्र मिळाले म्हणजे इमारत पूर्ण झाली, असे समजू नका. त्यात अटी असतात, आणि 'अमुक मजला वापरू नये' अशी एक अट हजारो विकलेल्या आसनांवर पाणी फिरवू शकते. तिकिटे काढण्यापूर्वी अटींची यादी तिकीटविभागाच्या हातात असली पाहिजे. ती फक्त अभियंत्याच्या फायलीत राहून उपयोगाची नाही.

टप्पा ४ : बर्फ

येथे घाई चालत नाही, आणि नेमकी येथेच सर्वाधिक घाई केली जाते.

एनएचएलची रिंक २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद, म्हणजे सुमारे ६१ बाय २६ मीटर असते. बर्फाची जाडी साधारण अडीच ते चार सेंटीमीटर. तीन सेंटीमीटर धरले तर सुमारे ४७ हजार लिटर पाणी लागते. ऐकायला हे थोडे वाटते, पण ते एका दमात ओतायचे नसते.

अ) स्लॅबच्या खालून सुरुवात करा. सर्वांत खाली जमिनीला ऊब देणाऱ्या नळ्या, त्यावर उष्णतारोधक थर, आणि त्यावर थंड द्रवाच्या नळ्या पोटात घेतलेला काँक्रीटचा स्लॅब, अशी ही उतरंड असते. गोठवण्याच्या जागेखाली ऊब कशाला, असा प्रश्न नवख्या माणसाला पडतो. ती नसेल तर कालांतराने खालची माती गोठते, फुगते आणि स्लॅब उचलते, मग अख्खी रिंक उखडावी लागते. काँक्रीट ओतण्यापूर्वी नळ्यांची दाबचाचणी करावी आणि ओतत असतानाही दाबमापकावर नजर ठेवावी, कारण एखाद्या कामगाराचे फावडे लागून नळी फुटली तर ती त्याच क्षणी कळली पाहिजे.

आ) काँक्रीटला पक्के होऊ द्या. नेहमीची २८ दिवसांची मुदत तारखेच्या दबावाखाली कापू नये. त्यानंतर स्लॅब हळूहळू, रोज थोडे अंश उतरवत थंड करावा. नवा स्लॅब एका रात्रीत शून्याखाली नेला तर त्याला तडे जाण्याची भीती असते.

इ) शीतकरण यंत्रणा प्रेक्षकांविना आठवडाभर सलग चालवून पाहा. अनेक ठिकाणी मुख्य शीतक अमोनिया असतो आणि नळ्यांतून मिठाचे द्रावण फिरते. अमोनियाला दुय्यम समजणाऱ्यांनी कॅनडातील फर्नी हे गाव आठवावे. तेथे ऑक्टोबर २०१७ मध्ये रिंकच्या शीतकरण यंत्रणेतून अमोनियाची गळती होऊन तीन माणसे दगावली. गळतीशोधक, स्वतंत्र वायुवीजन, श्वसनाची साधने आणि रात्रपाळीला हजर असलेला प्रशिक्षित चालक यांपैकी एकही गोष्ट कमी असेल, तर यंत्र सुरू करू नये.

ई) थर चढवा. पहिले काही थर केवळ फवाऱ्याचे, मिलिमीटरपेक्षा पातळ. त्यावर पाण्यात कालवलेला पांढरा रंग, कारण बर्फ पारदर्शक असतो आणि रंगाविना खालचे करडे काँक्रीट दिसते. पांढऱ्यावर पुन्हा पाण्याचा पातळ थर, मग लाल-निळ्या रेषा, वर्तुळे आणि जाहिरातींची चिन्हे, मग पुन्हा फवारे, आणि शेवटी जाडी पुरी होईपर्यंत एकेक थर. प्रत्येक थर पूर्ण गोठल्यावाचून पुढचा देऊ नये. आत अडकलेले पाणी आणि हवा यांमुळे पुढे बर्फाचे पापुद्रे सुटतात. पाणी गाळलेले आणि क्षार काढलेले असावे, नाहीतर बर्फ ठिसूळ आणि धुरकट होतो.

उ) खेळवून पाहा. हॉकीसाठी पृष्ठभागाचे तापमान साधारण उणे ४ ते उणे ५.५ अंश सेल्सियस ठेवतात. मध्यंतरे १८ मिनिटांची असतात आणि तेवढ्यात दोन झांबोनी यंत्रांनी बर्फ खरवडून त्यावर गरम पाण्याचा पातळ थर द्यायचा असतो. गरम पाणी अशासाठी, की ते ओरखड्यांत नीट शिरते आणि खालच्या थराशी एकजीव होते. हे काम घड्याळ लावून, भर वेगाच्या सरावानंतर, एका दिवसात तीन वेळा करून पाहावे.

तपासून पाहा : जाडी रिंकवर ठरावीक अनेक ठिकाणी छिद्र पाडून मोजावी. मधोमध ठीक आणि फळ्यांजवळ जाड, ही नेहमीची चूक आहे, कारण यंत्र वळताना तेथे पाणी अधिक पडते.

टप्पा ५ : हवा, म्हणजेच प्रेक्षकांचा श्वास

रिकाम्या अरीनात उत्तम जमलेला बर्फ भरल्या अरीनात मऊ पडतो, आणि याचे कारण यंत्रात नसून माणसांत असते. अठरा हजार माणसे उष्णता देतात, श्वासातून बाष्प सोडतात आणि ओले कोट घालून आत येतात. आतले तापमान साधारण १६-१७ अंश आणि सापेक्ष आर्द्रता ४०-४५ टक्क्यांच्या आसपास ठेवली तर बर्फ टिकतो. बाष्प वाढले की ते थंड पृष्ठभागावर दवासारखे बसते, आणि फारच वाढले तर धुके होते. २० मे १९७५ रोजी बफेलो येथे स्टॅन्ली कपच्या, म्हणजे एनएचएलच्या विजेतेपदाच्या, अंतिम फेरीतला सामना वातानुकूलन नसलेल्या जुन्या अरीनात झाला, तेव्हा रिंकवर एवढे धुके साचले की ते पसरवण्यासाठी खेळाडूंना आणि कर्मचाऱ्यांना पुन्हा पुन्हा रिंकभर फेऱ्या माराव्या लागल्या. मुंबईकराला जून महिन्यात थंडगार दुकानाच्या काचेवर जे दिसते तेच हे, फक्त ६१ मीटर लांबीचे.

यासाठी तीन गोष्टी कराव्यात. आर्द्रताशोषक यंत्रे प्रेक्षक येण्याच्या कित्येक तास आधी पूर्ण क्षमतेने चालवावीत, मागाहून धावून उपयोग होत नाही. मालगाड्यांची मोठी दारे सामन्याच्या दिवशी दुपारपासून बंद राहतील असा लेखी नियम करावा, कारण बाहेरची दमट हवा येते ती याच दारांतून, आणि कोणीतरी 'दोन मिनिटांसाठी' उघडलेले दार अर्धा तास उघडे राहते. तिसरी गोष्ट अशी की, स्लॅबचे तापमान प्रेक्षकसंख्येप्रमाणे आधीच थोडे खाली न्यावे. पाच हजारांसाठीचा आणि अठरा हजारांसाठीचा आकडा वेगळा असतो, आणि तो तालमीतच कळतो.

टप्पा ६ : रंगीत तालमी, लहानाकडून मोठ्याकडे

तालीम म्हणजे पाहुण्यांना फिरवून आणणे नव्हे. प्रत्येक तालमीत एखादी गोष्ट मुद्दाम बिघडवायची असते.

पहिली तालीम फक्त कर्मचाऱ्यांची. त्यांनीच प्रेक्षक होऊन दारातून यावे, खुर्ची शोधावी, खाणे विकत घ्यावे. वीज तोडून जनित्र किती सेकंदांत सुरू होते ते पाहावे. धूर बाहेर काढणारी यंत्रणा आणि बाहेर पडण्याची घोषणा यांची एकत्र चाचणी घ्यावी. याच दिवशी सर्व स्वच्छतागृहांतले फ्लश शक्य तितके एकाच वेळी सोडावेत. हे हास्यास्पद वाटते, पण मोठ्या क्रीडागृहांत ही रूढ चाचणी आहे, कारण मध्यंतराच्या १८ मिनिटांत नेमके हेच घडणार असते.

दुसरी तालीम चार-पाच हजारांची असावी, मोफत असावी, पण तिकीट स्कॅन केल्यावाचून कोणालाही आत घेऊ नये. एडमंटनने ८ सप्टेंबर २०१६ रोजी रॉजर्स प्लेसची फीत कापली, दोन दिवसांनी शहरवासीयांसाठी दारे खुली केली, आणि नियमित हंगामातला पहिला सामना १२ ऑक्टोबरला खेळवला. मधला महिना सराव सामने आणि कार्यक्रम यांत गेला. मी काम केलेल्या एका अरीनात अशाच तालमीच्या दिवशी तिकीट तपासणारी यंत्रे आणि खाण्याच्या दुकानांची बिलयंत्रे एकाच नेटवर्कवर असल्याचे उघड झाले. तीन हजार फोन आत येताच दोन्ही एकदम मंदावली. कागदावर ती दोन वेगळी नेटवर्क होती.

तिसरी तालीम सराव सामन्याची, पूर्ण प्रेक्षकांसह आणि खऱ्या दराने.

यांखेरीज रूपांतराची तालीम स्वतंत्रपणे घ्यावी. हॉकीचा बर्फ हंगामभर जागेवरच असतो, आणि गाण्याच्या कार्यक्रमासाठी त्यावर उष्णतारोधक फळ्या अंथरून मंच उभारतात. सिॲटलमध्ये २२ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री कोल्डप्लेचा कार्यक्रम झाला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी संघाचा घरचा पहिला सामना. हे धाडस इतरांनी अनुकरावे असे मी म्हणणार नाही. ज्या पथकाने हे रूपांतर आधी किमान तीनदा, त्यांतले एकदा रात्रीच्या पाळीत, केलेले नाही, त्याच्यावर उद्घाटनाचा सामना सोपवू नये.

इशारा : तालमीत सापडलेल्या दोषांची एकच यादी ठेवा, आणि प्रत्येक दोषापुढे एका माणसाचे नाव व तारीख लिहा. 'संबंधित विभाग' असे लिहिलेला दोष पहिल्या सामन्याला जसाच्या तसा हजर असतो.

टप्पा ७ : दारे आणि रस्ते

दारांचे गणित साधे आहे, तरी फार थोड्या ठिकाणी ते लेखी मांडलेले असते. समजा १८ हजार प्रेक्षकांपैकी १२ हजार शेवटच्या ४५ मिनिटांत येतात, आणि सुरक्षा तपासणीसह एका रांगेतून मिनिटाला आठ माणसे आत जातात. म्हणजे एक रांग त्या वेळात ३६० माणसे घेते आणि किमान ३४ रांगा लागतात. आठ हा आकडा गृहीत धरलेला आहे. तुमचा खरा आकडा दुसऱ्या तालमीत घड्याळ लावून मोजा, आणि तो थंडीच्या दिवशी मोजा, कारण जाड कोट आणि हातमोजे रांग मंदावतात. सर्व दारांवर समान गर्दी येत नाही, रेल्वेस्थानकाकडचे दार आधी तुंबते.

वाहतुकीचे आश्वासन आणि वाहतूक यांत फरक करावा. यूबीएस अरीना उघडले तेव्हा एल्माँट स्थानकाचा एकच फलाट सुरू होता, आणि ते पूर्ण क्षमतेने चालू व्हायला पुढच्या वर्षाचा ऑक्टोबर उजाडला. सिॲटलने दुसरी गोष्ट साधली. सामन्याच्या तिकिटातच त्या दिवसाचा सार्वजनिक वाहतुकीचा प्रवास धरला, त्यामुळे वाहनतळाची अडचण कमी झाली आणि प्रेक्षकांना शहराच्या मध्यातून मोनोरेलने येण्याचे कारण मिळाले. सामना संपल्यावरची शेवटची गाडी किती वाजता सुटते, आणि सामना जादा वेळेत गेला तर ती थांबते का, हे रेल्वेकडून लेखी घ्यावे. घरी कसे जायचे याची चिंता असलेला प्रेक्षक तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या सत्राच्या मध्यावर उठतो, आणि पुढच्या वेळी येतच नाही.

टप्पा ८ : पहिली रात्र

हिच्याबद्दल फार लिहिण्याजोगे नाही. नारळ, भाषणे आणि दिवे यांना लागेल तेवढा वेळ द्या, पण सामन्याच्या वेळेला धक्का लावू नका, कारण बर्फ, दूरदर्शन आणि शेवटची गाडी या तिन्हींचे घड्याळ तुमच्या हातात नसते. एक गोष्ट मात्र अनुकरणीय आहे. सिॲटलने त्या रात्री ३२ हा जर्सीचा क्रमांक निवृत्त केला, म्हणजे तो पुढे कोणालाही न देण्याचे ठरवले, आणि तेही कोणा खेळाडूसाठी नव्हे तर त्या ३२ हजार अनामतदारांसाठी. खर्च एका झेंड्याचा, आणि यादीवर थांबलेल्या माणसालाही आपण मोजले गेलो असे वाटले.

टप्पा ९ : अकराव्या सामन्यापासून पुढे

पहिले दहा सामने इमारत पाहायला लोक येतात. अकराव्यापासून हॉकी पाहायला कोण येते ते कळते. येथे पहिली सुधारणा आकड्यांत करावी लागते. जाहीर होणारी उपस्थिती बहुधा दिलेल्या तिकिटांची असते, दारातून आत आलेल्या माणसांची नसते. व्यवस्थापनाने रोज पाहायचा आकडा दुसरा आहे : किती तिकिटे विकली, त्यांतली किती स्कॅन झाली, आणि न आलेली कोणाची होती. एकाच तिकीटधारकाची खुर्ची ओळीने चार सामने रिकामी राहिली, तर पाचव्याआधी त्याला फोन जावा. ती तिकिटे तो दुसऱ्याला देऊ शकतो, परत विकू शकतो किंवा लहान संचात बदलू शकतो, हे त्याला बहुतेक वेळा ठाऊक नसते. नूतनीकरणाच्या पत्राची वाट पाहत बसलात, तर त्याने आपला निर्णय डिसेंबरमध्येच घेतलेला असतो.

फुकट पास वाटून खुर्च्या भरणे ही सर्वांत जुनी चूक आहे. नाट्यगृहात पासवाल्यांनी भरलेला 'हाऊसफुल्ल' फलक आणि खिडकीवर भरलेला 'हाऊसफुल्ल' फलक यांतला भेद ज्याला कळतो, त्याला ही वेगळी समजवावी लागत नाही. पैसे देऊन शेजारी बसलेल्याला पासवाल्याची किंमत लगेच कळते, आणि पुढच्या वर्षी तोही पास मागतो. त्याऐवजी आसने कमी करावीत. ओटावाच्या संघाने २०१७ मध्ये वरच्या विभागातील सुमारे १,५०० आसने झाकून टाकली. ते दिसायला बरे नव्हते, पण निर्णय प्रामाणिक होता. त्या अरीनाची मूळ अडचण जागेची आहे. ते शहराच्या मध्यापासून दूर कॅनाटा उपनगरात आहे, आणि कामाच्या दिवशी संध्याकाळी तेथवर जाणे हेच एक काम होऊन बसते. ॲरिझोनात ग्लेंडेलच्या १७ हजारांच्या अरीनाचीही हीच कथा होती. २०२२ मध्ये संघ तेथून निघून टेम्पीतल्या जेमतेम ४,६०० आसनांच्या रिंकवर गेला, आणि २०२४ मध्ये तर ते राज्यच सोडून गेला. जागेची चूक तिकीटविभाग दुरुस्त करू शकत नाही, हे मालकाला पहिल्या बैठकीतच सांगावे.

खर्चाची बाजू याच वेळी पुन्हा मांडावी. हॉकीचे ४१ दिवस वगळले तर वर्षाचे तीनशेहून अधिक दिवस उरतात, आणि शीतकरणाचे बिल त्यांतल्या बहुतेक दिवशी चालूच असते. आपल्याकडे डेहराडूनची हिमाद्री रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी उभी राहिली, आणि स्पर्धा संपल्यावर दहा वर्षांहून अधिक काळ बंद पडून राहिली. ती पुन्हा सुरू झाली २०२५ मध्ये. आकार लहान असला तरी धडा तोच आहे : गाण्याचे कार्यक्रम, स्थानिक शाळांचे संघ, सार्वजनिक स्केटिंग आणि प्रदर्शने यांचे पहिल्या वर्षाचे वेळापत्रक उद्घाटनाआधी भरलेले असावे.

दुसऱ्या हंगामाच्या दरांबाबत एकच सूचना आहे. पहिल्या हंगामात सगळी तिकिटे गेली म्हणून दर लगेच वाढवू नयेत. आधी प्रतीक्षायादीतल्या शंभर जणांना फोन करून, आज खुर्ची दिली तर ते सध्याच्या दराने घेतील का, एवढेच विचारावे. अर्ध्यांहून कमी 'हो' म्हणाले, तर दरपत्रक आहे तसेच छापायला पाठवावे.